डोहातल्या परीचं वय

इसम नामे भगीरथ बुधू आगिवले, वय अंदाजे त्रेचाळीस, धंदा संगणकावर चित्रे व फलक तयार करणे, मूळ राहणार उंबरवाडी, तालुका मुरबाड, हल्ली मुक्काम शहापूर, बाजारपेठेमागील गल्ली. बांधा मध्यम, रंग सावळा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून आलेला घट्टा. शिक्षण दहावी, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा ‘ब’ श्रेणीत उत्तीर्ण. सदर इसमाच्या नावे कोणताही गुन्हा अथवा पुरस्कार दाखल नाही. सदर इसम शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील मयत व्यक्तींचे डोळे उघडून देत असे.

यातलं शेवटचं वाक्य कुठल्याही सरकारी कागदावर सापडणार नाही, पण दोन्ही तालुक्यांत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याचं असं होतं. डोंगराकडच्या वाडीत माणूस गेला की दहाव्याच्या आत नाक्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागला पाहिजे, हा रिवाज कोणी सुरू केला ते माहीत नाही, पण आता तो मोडायची कोणाची छाती नाही. फ्लेक्सला फोटो लागतो, आणि फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, ज्यात माणूस स्वतःला जिवंतपणीच ओळखत नसे. मग प्रेताला आंघोळ घालून झाली की कोणीतरी मोबाइलवर एक फोटो काढून घेई. तो भगीरथकडे येई. भगीरथ मान कापून वेगळी करी, केस विंचरी, नाकातला कापूस पुसून काढी आणि पांढऱ्या शर्टावर ते डोकं बसवी. घरच्यांची हौस असेल तर कोटावर. आयुष्यभर उघड्या अंगानं नांगर धरलेली कितीतरी माणसं शेवटचे दहा दिवस किन्हवलीच्या नाक्यावर कोट-टाय लावून उभी राहिली आहेत. सगळ्यात शेवटी भगीरथ त्यांचे डोळे उघडी.

मिटलेले डोळे उघडायचे तर दुसऱ्या कोणाचे तरी लावावे लागतात. सुरुवातीला त्यानं इंटरनेटवरचे लावून पाहिले, एकदा स्वतःचेही लावले. माणसं बघायची आणि म्हणायची, “चेहरा आमच्या बाबाचा हाय, पण हा बघतोय कोण?” मग त्यानं बाळीचे लावले. त्यानंतर कोणाची तक्रार आली नाही. बाईमाणूस असो की बाप्या, म्हातारा असो की तरणा, घरचे फ्लेक्ससमोर उभे राहायचे आणि रडत म्हणायचे, “अगदी असाच बघायचा हो.”

बाळी त्याची धाकटी बहीण. वीस-बावीस वर्षांपूर्वी, सतरा-अठरा वर्षांची असताना, म्हसा गावच्या जत्रेत तिनं फोटो काढून घेतला होता. तंबूतला फोटोवाला, मागं रंगवलेलं विमान. मोठा, स्वच्छ फोटो. डोळे सरळ कॅमेऱ्यात. जत्रा उठल्यावर थोड्याच दिवसांनी ती नदीवर कपडे धुवायला गेली. कपडे खडकावर वाळत घातलेले सापडले, नीट, एकाला एक लागून. ती सापडली नाही.

डोहात गळ टाकून झाले. पोलिसांत ‘मिळून येत नाही’ अशी नोंद झाली. वाडीत मात्र दोन पक्ष पडले आणि ते आजतागायत आहेत. एक पक्ष म्हणतो, तिला आसरांनी नेली. आसरा म्हणजे डोहातल्या सात बहिणी. त्यांना एखादी पोर आवडली की त्या ठेवून घेतात, आणि त्यांच्याकडे गेलेल्याला पुढं वय लागत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, कसल्या आसरा, त्याच दिवशी भिवंडीकडच्या वीटभट्टीचा ट्रक येऊन गेला होता. आई, धोंडूबाई, दोन्ही पक्षांत नव्हती. ती म्हणे, “येईल.” वाडीत कोणी गेलं की रात्री टोपलीखाली पीठ पसरून ठेवतात आणि सकाळी त्यात पाऊल उमटलेलं बघतात, म्हणजे गेलेल्याचं पुढं काय झालं ते कळतं. काही वर्षं गेल्यावर चार जाणते बाळीचंही पीठ पसरायचं म्हणून घरी आले, तेव्हा धोंडूबाईनं पिठाचा डबा मांडीवर घेतला. “माझ्या घरातलं पीठ भाकरीला हाय,” ती म्हणाली. जाणते चहा पिऊन गेले.

भगीरथ यावर कधी बोलला नाही. पण मेलेल्यांना लावायला डोळे शोधताना त्याचा हात ज्या फोटोवर गेला, त्यावरून त्याचं मत कोणत्या पक्षाला पडलं होतं ते उघड आहे.

फ्लेक्सचं एक बरं असतं, तो वाया जात नाही. दहावं झालं की लोक उतरवून घरी नेतात. कोणी त्याचं शेळ्यांच्या गोठ्यावर छप्पर करतं, कोणी पेंढ्याच्या उडवीवर टाकतं, कोणी न्हाणीला आडोसा बांधतं. चेहरे उन्हानं विटतात, ओठ जातात, कोट जातात. काळी शाई तेवढी तग धरते. त्यामुळे भगीरथ मोटारसायकलवरून गावी निघाला की सरळगावच्या पुढं त्याला बाळी दिसू लागे. गोठ्याच्या कौलावर उताणी पडून आभाळाकडे बघताना. कुडाला बांधलेली, शेळीच्या पाठीवरून बघताना. एकदा एका उडवीवर तीनजणी शेजारीशेजारी होत्या आणि वारा सुटला तशा तिघी एकदम त्याच्याकडे वळल्या. तो त्या रस्त्यानं जाणं टाळू लागला. पण दुसऱ्या रस्त्यावरही गिऱ्हाइकं त्याचीच होती.

लॉकडाऊनची दोन वर्षं त्यानं फार काम केलं. त्यानंतर अक्षदाताई आल्या.

अक्षदाताई ठाण्याच्या एका संस्थेत मुलांची पुस्तकं काढत. ‘स्थानिक चित्रकार’ शोधत त्या शहापुरात आल्या तेव्हा भगीरथच्या दुकानात एका पुढाऱ्याचा वाढदिवस छापून होत होता. दुकानाच्या मागच्या भिंतीवर त्यानं रिकाम्या वेळात रंगवलेला वाघ होता. त्या वाघावर अक्षदाताईंचा जीव जडला.

“दादा, तुम्ही परी काढू शकाल?”

“पंखवाली?”

“आपल्याकडची. डोहात राहणारी. पंख तुमच्यावर.”

गोष्ट त्यांनीच लिहिली होती: ‘डोहातली परी’. एक परी डोहात राहते, तिला घरी जायची वाट सापडत नाही. शेळ्या राखणारी मुलं तिला काठाकाठानं वाट दाखवतात आणि शेवटच्या पानावर परी घरी पोचते. चोवीस पानं, वयोगट तीन ते सहा. अक्षदाताईंनी लिहिताना कोणाला काही विचारलं नव्हतं. डोहात राहणारं कोणीतरी घरी जातं, एवढंच त्यांना गोड वाटलं होतं. भगीरथनं कागद वाचला आणि घडी घालून माउसखाली ठेवला.

काम मात्र त्यानं मनापासून केलं. आधी पानांचा आराखडा: बोटाएवढ्या चौकोनांत सगळं पुस्तक. कुठल्या पानावर डोह लांबून, कुठल्यावर जवळून. पान उलटायच्या आधी मुलाला काय दिसावं आणि उलटल्यावर काय. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं चित्र असेल तर चेहरा मधल्या घडीत जाऊ द्यायचा नाही, हे अक्षदाताईंनी दोनदा बजावलं. फ्लेक्समध्ये घडी नसते, त्यामुळे त्याला गंमत वाटली. पडद्यावर निळा कितीही झळकू दे, कागदावर तो मळकट उतरतो, म्हणून डोहाचा निळा त्यानं आधीच मळवला. खडक, करवंदीच्या जाळ्या, शेळ्या, पोरं, सगळं झालं. प्रत्येक पानावर परीच्या केसांचा भार होता, पांढरं लुगडं होतं. तोंडाच्या जागी नुसता लांबट गोल.

“ह्या बाईला तोंड कधी येणार?” बायको शकू विचारी. “का तिनं पण मास्क लावलाय?”

एका दुपारी त्यानं तोंड काढायला घेतलं. नाक झालं, ओठ झाले. डोळ्यांशी आल्यावर हात सवयीनं जायचा तिकडेच गेला. ‘डोळे’ नावाचं फोल्डर, आत एकच फाइल. तिच्यावरून गिरवून घेतले, रंग भरला, आणि पेन टॅबवरून उचललं तर परी त्याच्याकडे बघत होती.

तो घाबरला असं म्हणता येणार नाही. त्यानं खुर्ची थोडी मागं घेतली, एवढंच.

अक्षदाताईंना पान पाठवलं. लगेच फोन. “दादा! काय डोळे काढलेत! आमच्या ऑफिसात सगळे उठून बघायला आले. आता बाकी काही बदलू नका.”

गुडघे गेल्यापासून धोंडूबाई शहापुरातच असे. दुकान आणि मागचं घर यांमधल्या दारात गोणपाटावर बसून तांदूळ निवडे आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस बघे. पुढारी तिला ओळखू येत नसत, पण कोणाचं वजन वाढलं ते ती अचूक सांगे. त्या दुपारीही ती तिथंच होती. भगीरथ फोनवर बोलत असताना ती उठली, भिंतीला धरत पडद्याजवळ आली.

“ही बाळी,” ती म्हणाली.

भगीरथनं फोन ठेवला.

“पांढरं कशापायी नेसवलंस?”

“ती परी हाय, आये. गोष्टीतली.”

“गोष्टीतली असू दे. डोळं बाळीचं हायेत.” तिनं पडद्याला बोट लावलं. “तुज्या बापाला पण हेच लावलं होतंस. मला काय दिसत नाय व्हय?”

बुधूचा फोटो घरी भिंतीवर होता. भगीरथनं बाळीचे डोळे लावलेला पहिला माणूस तो. त्या फोटोला धोंडूबाईनं कधी हार घालू दिला नव्हता. नवऱ्यावर राग असेल, अशी घरच्यांची समजूत; रागावायला बुधूनं कारणंही भरपूर देऊन ठेवली होती.

“मग तवा बोलली का नाय?” भगीरथ म्हणाला.

“काय बोलू? हार घातला असता तर तो कोनाच्या गळ्यात पडला असता?” ती परत गोणपाटावर जाऊन बसली. बराच वेळ तांदूळ निवडला. मग म्हणाली, “किती वर्साची काढलीस?”

“परीला वय नसतं.”

“तेच म्हनते मी. आसरांकडं गेलेल्याला वय नसतं. जिता मानूस वाढतो. माजी पोर वाढली असंल आता.” तिनं सूप बाजूला ठेवलं. “वाढव तिला.”

भगीरथ हसणार होता. पण म्हातारी थट्टा करत नव्हती, आणि पडद्यावरची तर अजिबातच नाही.

त्यानं जुन्या चेहऱ्यावर कोऱ्या काचेसारखा नवा लेयर घेतला. डोळ्यांच्या कडेला दोन बारीक रेघा ओढल्या. “आनखी,” मागून आवाज आला. गालाखाली सावली दिली, हनुवटी थोडी जड केली. “भट्टीवर ऊन असतंय,” म्हातारी म्हणाली, तसा रंग रापवला. कानाशी चार केस पांढरे केले. “दोन पोरं तरी झाली असतील. पोट सुटलं असंल.” पोट सोडलं.

“आणि नवरा?” शकू आतून म्हणाली. “त्यालापण काढा की. पंख लावून.”

“तू गप गो,” धोंडूबाई म्हणाली, पण तिला हसू आलं होतं. भगीरथनं ते पाहिलं. आईला त्या विषयावर हसताना तो पहिल्यांदा पाहत होता. आणि त्याला आणखी एक गोष्ट कळली: पडद्यावरची बाई आता त्याच्याकडे बघत नव्हती. डोळे तेच, जागाही तीच. पण ती कामात असल्यासारखी होती, कोणी हाक मारली म्हणून मान वर केली, एवढंच. त्या आठवड्यात तो मुद्दाम मोटारसायकल काढून म्हशापर्यंत जाऊन आला. गोठ्यांवरून ती बघतच होती. तिथं ती सतराचीच होती.

पुस्तकातली सगळी पानं त्यानं तशी केली आणि पाठवली. या वेळी फोन यायला वेळ लागला.

“भगीरथदादा,” अक्षदाताई अगदी सांभाळून बोलत होत्या, “ही परी आहे की अंगणवाडी सेविका?”

“डोहात राहून राहून तशी झाली असंल, ताई.”

“नाही, म्हणजे छानच आहे. पण तीन वर्षांचं मूल हिच्याकडे बघून पाढे म्हणायला लागेल हो. आपली पहिलीच घेऊ. डोळे हेच, फक्त वय कमी. तुमच्याकडे असेल ना ती अजून?”

ती होती. नव्या लेयरच्या खाली तशीच्या तशी. ह्या कामात पुसायची गरज नसते. लेयरच्या नावापुढं डोळ्याचं एक बारीक चिन्ह असतं, ते दाबलं की वरचं दिसेनासं होतं आणि खालचं वर येतं. अक्षदाताईंचं बोलणं रास्त होतं. छापखान्याची तारीख ठरली होती. भगीरथनं चिन्ह दाबलं. रेघा गेल्या, पांढरे केस गेले, पोट गेलं, ऊन गेलं. लुगडं नेसलेली सतरा वर्षांची पोर पाण्यातून वर आली आणि थेट त्याच्याकडे बघू लागली.

मागं सुपाचा आवाज थांबला.

“परत तशीच केलीस?”

“ताईंना तशी पायजे.”

“कुठं धाडतोस तिला?”

“छापायला. पुस्तकात.”

“छापल्यावर वाढंल?”

“नाय. छापलं की तसंच राहतं.”

“आनि ती दुसरी छापलीस तर? मोठी?”

भगीरथनं विचार केला. “ती पण तेवढीच राहील.”

धोंडूबाई रागावली असती, रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं ताईंची तारीख सांगितली असती, कबूल केलेलं काम सांगितलं असतं. तिनं फक्त सूप उचललं आणि पिठाच्या डब्याकडे बघितलं. डबा फळीवर होता, झाकण लावलेला. मग ती आत गेली.

भगीरथ बसून राहिला. धाकटी छापली तर आसरांचा पक्ष जिंकला. थोरली छापली तर एवढंच होणार की आज नाही, आणखी दोन-चार वर्षांनी म्हातारी पुस्तक उघडून बघेल आणि म्हणेल, अजून एवढीच? हजार प्रतींत, दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक अंगणवाडीत ती थांबून राहिली असती. आजवर मेलेल्यांना तो डोळे उधार देत आला. आता डोळेवालीलाच तिकडे पाठवायला निघाला होता, तेही रंगीत.

त्यानं सगळ्या पानांवरचे चेहरे काढून टाकले आणि नवीन काढायला बसला. कोणाचाच नसलेला चेहरा. उभ्या आयुष्यात त्यानं असं कधी केलं नव्हतं; त्याच्या हातून उतरलेलं प्रत्येक तोंड कोणाचं तरी होतं, त्या भिंतीवरच्या वाघाचंसुद्धा नाक एका मामाचं होतं. एक काढला तर शकूसारखा आला, दुसरा अक्षदाताईंसारखा, तिसरा चक्क पुढाऱ्यासारखा. पुसून पुसून शेवटी जो उरला तो बिस्किटाच्या पुड्यावर शोभला असता: गुलाबी गाल, मोठे डोळे, आत एकेक पांढरा ठिपका, आणि त्या ठिपक्यामागं कोणीच नाही.

“ठीक आहे,” अक्षदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज पडला होता. “गोड आहे. पण दादा, ते डोळे का काढलेत? त्यांत जे होतं ना, ते राहिलं नाही आता.”

“हो,” भगीरथ म्हणाला. “ते काढलं.”

त्या एवढ्यावर समजतील अशी त्याची अपेक्षा नव्हती, आणि त्या समजल्याही नाहीत. मुदत संपत आली होती म्हणून पुस्तक छापखान्यात गेलं.

दुकानातलं ते जुनं कामही त्याच सुमारास बंद झालं. कोणी आंघोळ घातलेला फोटो घेऊन आलं की भगीरथ सांगे, “डोळे मिटलेलेच राहू दे. झोपल्यासारखे दिसतात, बरे दिसतात.” माणसं नाराज व्हायची. म्हणायची, सगळा गाव बघून जाणार, आमचाच माणूस झोपलेला का? मग मुरबाडच्या स्टँडसमोर एकानं दुकान काढलं. त्याच्याकडे एक अ‍ॅप होतं. नुसतं बोट लावलं की मेलेला डोळे उघडी, आणि थोडा हसेही. गिऱ्हाईक तिकडे वळलं. गोठ्यांवर आता हसरी माणसं चढू लागली आहेत. जुने फ्लेक्स उन्हानं फाटून एकेक करून उतरतात. एखादा राहिला आहे अजून. भगीरथ त्या रस्त्यानं गेला तर मान वळवत नाही.

पुस्तक चांगलं निघालं. निळा पडद्यावर होता तसाच कागदावर उतरला. शेवटच्या पानावर परी घरी पोचते, ते घर अक्षदाताईंच्या सूचनेवरून कौलारू आणि पिवळ्या उजेडाचं केलं आहे. आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलं आहे: ‘डोहातली परी. चित्रे : भगीरथ आगिवले. वयोगट ३ ते ६. सदर पुस्तकातील परी हे पात्र पूर्णतः काल्पनिक असून त्याचा कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी संबंध नाही. तसा तो आढळून आल्यास निव्वळ योगायोग समजावा.’

वाढवलेल्या परीची फाइल मात्र भगीरथच्या संगणकावर आहे, आणि दर वर्षी म्हशाची जत्रा उठली की धोंडूबाई गोणपाट ओढून पडद्याजवळ बसते. या वर्षी परीला चष्मा लागला.